शेठसाठी दुसरा पोपट

११ जानेवारी

आणि शेठ स्वतःची पिसं उपटतोय, यातही माझाच दोष? ताई फोनवर सांगत होती, तुम्ही दुकानात येईल त्या गिऱ्हाइकाला ऐकवता म्हणे, "पोराने पोपटाला लाडावून ठेवला आणि पळून गेला." पळालो नाही बाबा. दिवसाढवळ्या, हातात पिशवी घेऊन, तुमच्या समोरून गेलो. तुम्ही एका माणसाच्या गालाला फेस लावत होतात, मान वर केली नाहीत. पळणाऱ्याच्या मागे निदान कोणीतरी धावतं.

वर तीर्थरूप वगैरे लिहिलं नाही म्हणून रागावू नका. लिहिलं असतं तर म्हणाला असतात, आता हा पैसे मागणार. फोन मी सात वेळा केला. सातही वेळा तुम्ही "चुकीचा नंबर" म्हणून ठेवलात. आवाज ओळखल्याशिवाय इतक्या झटपट कोणी चुकीचा नंबर म्हणत नाही. म्हणून हे पत्र. आमच्याकडे एक ट्रकवाले काका येतात, दर शनिवारी त्यांची गाडी तुमच्या रस्त्याने जाते. त्यांच्या हाती देतोय. माणूस समोर उभा असताना तुम्ही पत्र फाडणार नाही, एवढं मी तुम्हाला ओळखतो.

ताईने शेठचा फोटो पाठवला. छाती पार उघडी. पंखाखाली पण. पाच महिन्यांत एवढं? मी दहा वर्षांचा असताना त्याला सदऱ्याच्या खिशातून आणला होता, तेव्हा त्याच्या अंगावर पीस नव्हतं. तुम्ही म्हणाला होतात, दोन दिवसांचा पाहुणा आहे. बारा वर्षं झाली. आणला होता तसा झालाय परत, फक्त चोच तेवढी मोठी.

ताई म्हणते अजून तो दारावरच्या पिंजऱ्यातून "पुढचा!" ओरडतो. तुम्ही कापड झटकलं की ओरडतो ना? मग बरं आहे. "आला का?" म्हणतो का? मी उशिरा आलो की तुमच्या आवाजात म्हणायचा ते. ताईला विचारलं तर ती गप्प बसली.

आता मुद्दा. मी इथे एका मोठ्या सलूनमध्ये आहे. एसी आहे, खुर्च्या पायाने वर-खाली होतात. आमच्याकडे एक बाई येतात, त्यांना पाखरांचं सगळं कळतं. त्या म्हणाल्या, एकटा पडलेला पोपट पिसं उपटतो. म्हणजे शेठला सोबत पाहिजे. म्हणून मी सोबत धाडतोय. ट्रकवाले काकांच्या सीटमागे खोक्यात आहे, भोकं पाडलेली आहेत.

हा आपल्या शेठसारखा नाही. जात वेगळी. शेठच्या निम्म्याने, राखाडी, डोक्यावर पिवळा तुरा, गालावर लाली फासल्यासारखे दोन ठिपके. बोलत नाही, शिट्टी वाजवतो. नाव नाही, तुम्हीच ठेवा. त्याला नेहमी आत ठेवा, थंडी सोसत नाही. दाणे पिशवीत आहेत. दोघांना एका पिंजऱ्यात कोंबू नका, शेठने नुसती चोच मिटली तरी याचं बोट जाईल.

इथे पहाटे पाचला उठून पिंजरे धुवायला (खोडलंय ते वाचू नका) खुर्च्या पुसायला लागतात म्हणून घाईत लिहितोय. सोबत आठशे आहेत. दुसऱ्या खुर्चीसमोरच्या आरशासाठी. माझ्या हातातून बाटली निसटली आणि तडा गेला, ते मी विसरलो नाही.

२५ जानेवारी

ट्रकवाले काकांनी सगळं सांगितलं. खोकं उघडलंत, त्याचा तुरा ताड उभा राहिला, आणि तुम्ही म्हणालात, "याची कटिंग कोणी केली?" सगळं दुकान हसलं म्हणे, तुम्ही सोडून. काकांनी तिथेच स्वतःची दाढी करून घेतली आणि पैसे देताना तुम्ही त्यांना विचारलंत, "खातो का नीट?" काका म्हणाले, "हो, मूठभर दाणे उडवतो." तुम्ही म्हणालात, "हं." मला काकांनी विचारलं, बाबा कोणाबद्दल विचारत होते रे? मी म्हटलं पाखराबद्दलच, दुसरं कोणाबद्दल?

नाव तुरेवाला ठेवलंत हे बरं केलंत.

आता ऐका, कारण ताईला सांगितलं की ती अर्धं विसरते. नवा पक्षी आला की आधी चाळीस दिवस त्याला दुसऱ्या खोलीत ठेवायचा असतो, त्याला काही रोग असला तर जुन्याला लागू नये म्हणून. पण ते चाळीस दिवस मी इथेच काढून घेतले, माझ्या खोलीत. तेव्हा ती चिंता नको. मग आवाज ऐकू द्यायचा, मग लांबून दिसू द्यायचा. दाणापाणी आधी शेठला. तुरेवाल्याचा पिंजरा शेठच्या वर टांगायचा नाही, खालीच. शेठ बघत असताना तुरेवाल्याचे लाड करायचे नाहीत. तो आधीचा आहे. त्याला वाटायला नको की आपली जागा गेली.

शेठला दारावरून काढून आत तोंड करून टांगा आणि तुरेवाल्याला समोर दुसऱ्या खुर्चीपाशी ठेवा. लांबून दिसेल.

हे लिहिताना मला हसू आलं. रागावू नका, पण सांगतोच. दाजींना आणलंत तेव्हा माझं कोणी एवढं केलं होतं? मी सकाळी आलो तर माझ्या खुर्चीमागे दाजी, माझी कात्री त्यांच्या हातात, आणि तुम्ही म्हणता, "जरा सरक, घरचाच माणूस आहे." चाळीस दिवस नकोत, चाळीस मिनिटं तरी आधी सांगायचं. जावई आहे, त्याचा कारखाना बंद पडला, ताईचं घर चालायला हवं, हे सगळं मला कळत नाही असं नाही. पण मला ते दुकानात शिरून कळलं, भर गिऱ्हाइकांत.

मी उशिरा यायचो, खरं आहे. मध्येच दोन दोन दिवस गायब व्हायचो, तेही खरं. रंगाऱ्याकडे गेलो, टायरवाल्याकडे गेलो, परत आलो. तुम्ही म्हणायचात, याच्या पायाला भिंगरी आहे. पण परत यायचो ना? आणि परत आलो की शेठ म्हणायचा, "आला का?" मी शिट्टी घालायचो आणि झाडू हातात घ्यायचो.

जागा संपली. इथे बरं चाललंय.

८ फेब्रुवारी

काल ताईचा फोन आला. शेठ पिंजऱ्याच्या तळाशी बसलाय, दांडीवर चढत नाही, "पुढचा" म्हणत नाही, दाण्याला तोंड लावत नाही. पिसं फुगवून डोळे मिटून बसतो आणि मध्येच दचकून जाळीवर आपटतो. ताई रडत होती. मागून तुम्ही ओरडलात, "त्याला म्हणावं, आणखी काही पाठवायचं असेल तर तेही पाठव." ऐकलं मी.

बाबा, खरं लिहितो. उभ्या उभ्या लिहितोय, बसवत नाही.

चाळीस दिवस ठेवला नव्हता. चार दिवस ठेवला होता.

आणि मी सलूनमध्ये नाही. कात्री सहा महिन्यांत हातात धरलेली नाही. बाहेरगावी जाताना लोक आपापले पक्षी ठेवून जातात, तशी एक जागा आहे इथे. साठ-सत्तर पिंजरे. पाखरांची धर्मशाळाच म्हणा. मी पिंजरे धुतो, कागद बदलतो, दाण्याची टरफलं फुंकतो. माझ्या दहाही बोटांना चावे आहेत. पाखरांचं कळणाऱ्या ज्या बाई म्हटलं, त्या माझ्या मालकीणबाई. त्या माझ्याकडे केस कापायला येत नाहीत, माझ्यावर ओरडायला येतात.

तुरेवाल्याला कोणीतरी आठ दिवसांसाठी ठेवून गेलं होतं. दोन महिने झाले, आलं नाही. फोन बंद. मी मालकीणबाईंकडे त्याला मागितला. त्या म्हणाल्या, "ने. पण गर्दीतून काढून चाळीस दिवस वेगळा ठेव, मग पाठव." चौथ्या दिवशी ताईचा फोटो आला, शेठच्या उघड्या छातीचा. दुसऱ्या दिवशी ट्रक जाणार होता. मला राहवलं नाही. नेहमीचंच माझं.

आज मालकीणबाईंना सांगितलं. त्यांनी हातातली बादली खाली ठेवली. म्हणाल्या,

"चारच दिवस?"

"हो."

"आणि घरी सांगितलंस चाळीस?"

"हो."

"तुझ्या घरच्यांनी तुझ्यावर विश्वास ठेवला?"

"माझ्यावर नाही ठेवत. पत्रावर ठेवला असेल."

त्यांनी कपाळावर हात मारला. मग म्हणाल्या, इथली बाकीची पाखरं धडधाकट आहेत, तेव्हा रोग नसेलही, पण नसेलही यावर जीव टांगता येत नाही. दोघांना ताबडतोब वेगळ्या खोल्यांत न्या, शेठला डॉक्टरकडे न्या. ताईला फोनवर सांगितलं आहेच. पण खोटं मी तुमच्याशी बोललो होतो, म्हणून हे तुम्हाला.

जाता जाता त्यांनी विचारलं, "एवढा जीव आहे त्या पोपटावर, तर स्वतः का नाही जात? दुसरं पाखरू का धाडतोस?"

मी म्हटलं, तिकडे माझी जागा भरली आहे.

शेठ गेला तर मला कळवू नका. नाही, कळवा. लगेच कळवा.

१५ फेब्रुवारी

रोग नाही हे ऐकलं आणि मी कॉरिडॉरमध्येच खाली बसलो. एका बाईच्या मैनेने मला शिवी दिली, मी तिला म्हटलं, दे बाई, आणखी दे.

दाजी स्कूटरवर पिंजरा मांडीत धरून डॉक्टरकडे गेले, ताई गाडी चालवत होती, असं कळलं. एकवीस किलोमीटर. दाजींना धुळीचा त्रास आहे ना? त्यांना सांगा, म्हणजे सांगू नका, मी सांगेन.

पण डॉक्टर म्हणाले, याला कशाची तरी भीती बसली आहे, ती शोधा. आणि तुम्ही म्हणालात म्हणे, त्या एवढ्याशा तुरेवाल्याची? शेठने तीन वर्षांपूर्वी दुकानात शिरलेल्या बोक्याचं नाक फोडलं होतं. तो पावभर पाखराला भिणार?

मलाही कळेना. म्हणून ताईला म्हटलं, आधी ठेवले होते तसे परत ठेव दोघांना, एक फोटो काढ आणि लगेच उचल. तो फोटो मालकीणबाईंना दाखवला. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला.

"किती पाठवलेस तू?"

"एक."

"मग हे कोण?"

त्यांनी फोनवर बोट ठेवलं. मी बघतो तर तुरेवाला, त्याच्या मागे तुरेवाला, त्याच्या मागे तुरेवाला, लहान लहान होत पार आतपर्यंत. समोरच्या भिंतीच्या आरशात ह्या भिंतीचा आरसा, त्यात परत तो. प्रत्येकात एक पिवळा तुरा उभा. आणि तडा गेलेल्या आरशात तर एकेकाचे तीन.

मालकीणबाई म्हणाल्या, "तू त्याला सोबती नाही पाठवलास. फौज पाठवलीस."

बाबा, आपण दोघांनी उभा जन्म त्या आरशांत काढला. आपल्याला ते दिसतच नाहीत. तुम्हाला गिऱ्हाइकाची मान दिसते, मला घड्याळ दिसायचं, किती वाजले ते. आणि शेठ बारा वर्षं चार आरशांच्या दुकानात राहिला, पण दारावर, रस्त्याकडे तोंड करून. त्याने जन्मात आरसा पाहिला नव्हता! मी म्हटलं आत तोंड करून टांगा, आणि तुम्ही टांगलात. पहिल्यांदा माझं ऐकलंत आणि तेही नेमकं चुकीचं.

रात्री तुम्ही दिवा घालवला की फौज जायची, सकाळी लावला की यायची. बिचारा तळाशी नाही बसणार तर काय करेल?

ताईला कालच सांगितलं की शेठला परत दारावर न्या, पण ती म्हणते बाहेर खणाखणी चाललीये, रस्ता उकरलाय, दिवसभर यंत्राची धडधड आणि धूळ. आणि घराची खोली तर एकच, तिथे तुरेवाला. म्हणजे शेठ दुकानातच, आणि तिथे तुरेवाला नसला तरी आरशांत त्याला स्वतःचीच फौज दिसणार. मग एकच उपाय राहतो. आरसे झाका. सगळे. निदान तीन आठवडे. मग तुरेवाल्याला दुकानात आणाल तेव्हा त्यालाही कापडाच्या आड ठेवा, आधी नुसता आवाज.

मला ठाऊक आहे मी काय मागतोय. आरसे झाकलेलं केस कापायचं दुकान म्हणजे चूल विझवलेली खानावळ. गिऱ्हाईक तोंडावर हसेल आणि पाठीमागे पलीकडच्या दुकानात जाईल. तुम्ही नाही म्हणालात तर मी समजून घेईन. तुमचं पोट त्यावर आहे, ताईचंही आता. शेठ माझा आहे, दुकानाचा नाही, असं तुम्हीच मला लहानपणी म्हणायचात, त्याची घाण मला काढायला लावताना.

८ मार्च

ट्रकवाले काका माझ्यासमोर स्टुलावर बसलेत आणि मी त्यांच्या डोक्याकडे बघतोय. डाव्या कानावरची रेघ, उजव्या कानावरची रेघ, केसाचा फरक नाही. बिनआरशाची कटिंग आहे ही!

काकांनीच परवा येऊन सगळं सांगितलं. तुम्ही फोनवर बोलत नाही, ताई बोलता बोलता रडते, एकटे काका तेवढे सरळ सांगतात. ते म्हणाले, आत गेलो तर वाटलं कोणी वारलं. चारही आरशांवर ती पांढरी कापडं, गळ्याला बांधायची, खिळे ठोकून. मी विचारलं, "काय झालं हो?" तर तुझे बाबा म्हणाले, "पोपट भितो. बसा."

"आणि मला कसं कळणार केस कसे कापले ते?"

"घरी जाऊन बायकोला विचारा."

"बायकोने नाही म्हटलं तर?"

"तर ती बायको बदला, मी कात्री बदलणार नाही."

एवढं तुम्ही बोललात? एका दमात? मला तर तुम्ही वर्षभरात एवढे शब्द दिले नव्हते.

काका म्हणाले, एक सुटाबुटातला माणूस फार तणतणला. हा काय तमाशा आहे, मला माझं तोंड बघायचंय. तर तुम्ही म्हणालात, "मी तीस वर्षं डोकी बघतोय, तुम्ही तीस मिनिटं स्वतःचं नाही बघितलंत तर काही बिघडत नाही." तो उठून गेला. अर्धी दाढी तशीच ठेवून. तीन दिवसांनी उरलेली अर्धी करायला परत आला म्हणे, हे काकांनी मीठ-मिरची लावून सांगितलं असेल. बाकीचे मात्र येतात, डोक्यावरून हात फिरवून बघतात, एकमेकांना विचारतात, "कशी झालीये रे माझी?" दाजी तेवढे अडले. त्यांना आरशाशिवाय हात चालत नाही, नवीन आहेत. तर तुम्ही त्यांच्या मागे उभे राहून त्यांच्या मनगटाला धरून शिकवता. मलाही तसंच शिकवलं होतंत. माझं मनगट तुम्ही फार घट्ट धरायचात. दाजींचं हळू धरता का?

जाऊ द्या. ते मी का लिहिलं कळत नाही.

पुढचं काकांनी सांगितलं तेव्हा त्यांनी चहा खाली ठेवला होता. काका खुर्चीत होते, तुम्ही मागे. शेठ वरच्या दांडीवर चढलेला, अंगावर बारीक काटे काटे, नवीन पिसांचे. तुरेवाला कापडाच्या आड. आणि आतून तुरेवाल्याने शिट्टी घातली. दोन लांब, एक आखूड, शेवटी वर जाणारी.

ती माझी शिट्टी आहे बाबा. इथे पिंजरे धुताना मी तीच घालतो, दुसरी मला येत नाही. दोन महिने त्याने तीच ऐकली. मला माहीत नव्हतं त्याने उचलली आहे.

काका म्हणाले, तुमची कात्री थांबली. दुकानात चार माणसं होती, सगळी कापडाकडे बघायला लागली. शेठने मान वळवली. कापडाकडे नाही. दाराकडे. आणि म्हणाला, "आला का?"

सात महिने म्हटलं नव्हतं ना त्याने ते? ताई म्हणूनच गप्प बसायची ना?

काका म्हणतात, तुम्हीही दाराकडे बघितलंत. मग म्हणालात, "कोणी नाही रे, ते पाखरू आहे," आणि काकांच्या मानेवर परत कात्री लावलीत. पैसे घेतले नाहीत. काकांनी आग्रह केला तर म्हणालात, "टपाल आणता ना."

मी ते मालकीणबाईंना सांगितलं. मला वाटलं त्या खूश होतील. म्हटलं, सोबत मिळाली, जमलं दोघांचं. त्या पिंजऱ्याची कडी लावत होत्या. म्हणाल्या, "जमलं नाही. शेजारी म्हणून राहतील, तेवढं पुष्कळ. पण तो सोबतीसाठी पिसं उपटत नव्हता. कोणाची तरी वाट बघून उपटत होता. आता रोज शिट्टी ऐकेल आणि रोज दाराकडे बघेल. कोणी आलंच नाही, तर परत सुरू करेल. या वेळी थांबणार नाही."

"किती दिवस आहेत?"

"ते पोपटाला विचार. नाहीतर ज्याने आरसे झाकले त्याला."

दोन रात्री झोपलो नाही. आधी वाटलं, आजच निघू. मग वाटलं, कशाला? कुठे बसू? दोन खुर्च्या आहेत, दोन माणसं आहेत. मग वाटलं, इथूनही निघावं, आणखी लांब, समुद्रापाशी बोटींना रंग द्यायचं काम आहे म्हणतात. भिंगरी सुरू झाली की माझं असंच होतं. पाय आधी जातात.

१५ मार्च

काकांनी तुमची चिठ्ठी दिली. मी आधी उलटी धरली, मग सुलटी. पाठपोट बघितली. दुसरं काही नाही, नुसते आकडे: अडीच फूट रुंद, तीन फूट उंच, कोपरे गोल.

मी काकांना विचारलं, "आणखी काही म्हणाले?"

"म्हणाले, माप दे त्याला."

"रागात होते?"

"टेप लावून दोनदा मोजलं. एकदा कापडावरून, मग कापड उचलून. शेठकडे पाठ करून, त्याला दिसू नये म्हणून." काका हसले. "रागातला माणूस एवढं करतो का रे?"

हे माप तडा गेलेल्या आरशाचं आहे, मला काय कळत नाही? आठशे पाठवले होते, ते तुम्ही शेठच्या दाण्याच्या डब्यात ठेवलेत हे ताईने सांगितलं. तेव्हा वाटलं, माझा पैसा हातालाही लावत नाहीत. आता वाटतंय, आरसा तुम्ही मुद्दामच आणला नाहीत.

म्हणून एक शेवटची गोष्ट सांगतो, मग काकांची गाडी निघेल. बाटली माझ्या हातातून निसटली नव्हती. फेकली होती. तुम्हाला ते तेव्हाच माहीत होतं, तुम्ही बघितलं होतंत. पण आरशावर नव्हती फेकली. आरशात दाजी दिसत होते, माझी कात्री घेऊन, हसत. खऱ्या दाजींवर फेकायची माझी छाती नव्हती, म्हणून आरशातल्यावर फेकली. हसत होते म्हणजे काय, गिऱ्हाइकाशी बोलत होते बिचारे. मला तेव्हा तसं दिसलं. दाजींना हे तुम्ही सांगू नका. तेही मीच सांगेन, समोर.

मालकीणबाईंनी पंधरा दिवस सुट्टी दिली. म्हणाल्या, "जागा ठेवते. परत आलास तर झाडू इथेच आहे, नाही आलास तर समजेन." मी म्हटलं, येईन. म्हणाल्या, "असं तुरेवाल्याचा मालकही म्हणाला होता."

खुर्ची मागायला येत नाही. ती दाजींना राहू द्या, त्यांचा हात आता कुठे बसतोय. मला आरसा बसवायचाय. काच तिथेच कापून घेऊ, चिठ्ठी खिशात आहे. बाकीचे आरसे एकेक करून उघडू, आठवड्याला एक, शेठला कळेल असे. मग बघू. दुकानाच्या बाहेर तुमच्या छपराखाली एक स्टूल मावतं, लहान पोरांचे केस तिथे कापता येतील. पोरांना आरसा लागत नाही, पोपट लागतो. हे नुसतं सुचलं म्हणून लिहिलं.

मंगळवारच्या गाडीचं तिकीट काढलंय. बुधवारी दुपारी पोचेन. दारातून एकदम शिरणार नाही. आधी रस्त्यावरून शिट्टी घालेन, मग थांबेन, मग येईन. तोपर्यंत शेठने काही विचारलं, तर या वेळी पाखरू आहे म्हणून सांगू नका.

मात्र माझा भरवसा धरू नका, मीच धरत नाही. वाटेत चार स्टेशनं लागतात आणि चारही ठिकाणांहून आणखी गाड्या सुटतात. खिशात पैसे राहिले तर पाय कुठे उतरतील सांगता येत नाही. म्हणून तिकीट आणि तुमची चिठ्ठी तेवढी ठेवली आणि उरलं ते सगळं, चिल्लरसकट, काकांच्या हाती तुमच्याकडे पुढे धाडतोय. आता मला दुसरीकडे कुठे जाताच येणार नाही. दाण्याच्या डब्यातल्या पैशांत घाला, आरशाचे आहेत. मोजून घ्या: तीनशे चाळीस.